चालू लाईनीवर

भुसावळ. एप्रिल. दुपारचे तीन.
पंखा फिरतोय तो फिरतोय एवढं दाखवण्यापुरता.
टेबलावर वहीचा फाडलेला कागद, माझं अक्षर :
'न थांबवता दुरुस्ती. सत्र दुसरं. मिनिटं नव्वद.'
खाली सहा नावं,
आणि सहाही जणांना हवाय अर्धा-अर्धा तास.

नफीसा तडवी यावलहून फोनवर म्हणते,
स्टॅकवर मीच बोलणार.
एकेक प्रोसेस जुन्या फंक्शनमधून स्वतःहून बाहेर पडेपर्यंत
त्याला नव्या वाटेला लावायचं नाही,
एवढंच सांगायला तिला चाळीस मिनिटं लागतात
आणि त्यातलं एकही वाया जात नाही, हीच तर अडचण.
शिरपूरच्या इंदल पावराला डेमो हवाच.
चारशे बारा दिवस न थांबलेला सर्व्हर आणतो म्हणे,
भर सभागृहात त्याच्या कर्नलला पॅच चढवायचा.
आकडा चारशे बारावरच राहिला तर टाळ्या,
शून्यावर आला तर चहाची सुट्टी लवकर.

आणि हर्षल झोपे.
त्याचा विषय : एक थ्रेड असा,
जो जुन्या फंक्शनच्या पोटातच झोपलाय, उठतच नाही,
आणि त्याच्यापायी अख्खा बदल अर्ध्यावर ताटकळलेला.
पत्रिकेत आडनाव छापू का, मी विचारलं.
छाप, म्हणाला. शाळेपासून ऐकतोय.

हर्षलला न्यायला त्याचे मामा आले, राजाराम ढाके,
हॉटलाईनच्या टोळीतून निवृत्त,
हातात फैजपूरच्या केळीच्या वेफर्सची पिशवी.
कागद उलटा धरून वाचला त्यांनी, मग सुलटा केला.
"म्हंजे तुम्ही बी चालू लाईनीवरच चढता म्हना."
मग सांगत बसले :
धातूच्या धाग्यांचा डगला घालायचा,
तारेचा दाब तोच आपला दाब करून घ्यायचा,
तारेवरच्या पाखराला कुठी शॉक लागतो?
गावात कोणाच्या घरचा दिवा मिचकत नाही,
कोणाला कळतही नाही आपण वर होतो म्हणून.
वेफर्स संपत आले तेव्हा म्हणाले,
"आम्ही जुना तुकडा खाली उतरवतो,
मोजून स्टोअरला जमा करतो, सही घेतो.
तुमचा जुना कुठी जातो?"

हर्षल माझ्याकडे बघू लागला, मी पंख्याकडे.

जात नाही कुठंच, मामा.
तिथंच असतो, मेमरीत, त्याच पत्त्यावर,
फक्त दाराशी एक उडी लिहिलेली असते :
इकडून नको, तिकडून जा.
त्याला कोणी मारत नाही.
कोणी त्याच्याकडे जातही नाही.
मशीन एकदा पुरतं बंद पडेपर्यंत
तो आपला सगळ्या चुकांसकट जागच्या जागी.

"मंग दुरुस्ती कसली. वाट वळवली तुम्ही," मामा म्हणाले,
आणि पिशवीच्या तळाचं मीठ बोटानं चाटलं.
मी कागदावर वर लिहिलं :
आधी ढाके, दहा मिनिटं. प्रश्न त्यांचेच.
म्हणजे उरली ऐंशी, आणि मागणारे अजून सहा.

रात्री गणित पुन्हा मांडलं.
इंदलचे दहा कापले, नफीसाचे पंधरा (तिला अजून सांगितलेलं नाही),
तिघांना मिळून एक माईक.
मग आठवलं ते,
जे शिकताना मी नुसतं पाठ करून सोडलं होतं :
फंक्शनच्या तोंडाशी कंपायलर पाच बाइट राखून ठेवतो.
त्यांत काही घडत नाही.
वर्षानुवर्षं प्रोसेसर त्यांच्यावरून जातो, काही न करता.
पुढं कधीतरी काही चुकलेलं सापडेल,
तेव्हा हात घालायला जागा असावी
म्हणून कुणीतरी चूक व्हायच्या आधीच राखलेली.

सत्राच्या तोंडाशी मी पाच मिनिटं कोरी ठेवली.

कॉलेजच्या सरांचा सकाळी फोन :
पत्रिका छापायला चाललीय, इथं काय घालू?
काही नको सर, राहू द्या.
छपाईची चूक वाटेल हो.
वाटू द्या.

दुपारपर्यंत नफीसाचा मेसेज आलाच :
ती पाच मिनिटं कोणाची नसतील तर मला दे.

उत्तर अजून दिलेलं नाही.